मशीनला जवसाचं तेल

शिकवता येणार नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीतलावर नाही, असं माझं ठाम मत होतं. हे मत सन एकोणीसशे चव्वेचाळीसच्या आश्विन शुद्ध पंचमीपर्यंत व्यवस्थित टिकलं. त्या दिवशी माझे मेहुणे उकंडराव मानोऱ्याहून बैलगाडीत शिवणाचं मशीन घालून अनसिंगला आमच्या दारात उतरले.

मी अनसिंगच्या शाळेचा हेडमास्तर. बावीस वर्षं पावकी, निमकी आणि अडीचकी शिकवली. ज्या पोराला बापाचं नाव धड सांगता येत नव्हतं, त्यालाही मी अडीचकीपर्यंत नेऊन सोडलं. आता तो बाजाराच्या दिवशी मला पाहून दुसऱ्या गल्लीत शिरतो, ही गोष्ट निराळी.

मशीन हातानं फिरवायचं होतं. उकंडरावांच्या मंडळींनी ते हौसेनं घ्यायला लावलं आणि पहिल्याच दिवशी सुई बोटात घालून घेतली. तेव्हापासून ते ज्वारीच्या कोठीमागं पडून होतं. माझी मुलगी गोजरा तेव्हा दहा वर्षांची. ती मुळातच कमी बोलायची. तिनं मशीनच्या लाकडी टोपणावरची धूळ परकराच्या ओच्यानं पुसली आणि तिथंच टेकून बसली. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

उकंडरावांनी ते पाहिलं. माणूस मनाचा मोठा, पण अट घातल्याशिवाय पाणीसुद्धा पाजणार नाही.

"मास्तर, मशीन गोजराले देतो. पण ते चाललं पायजे. मी भाऊबीजेले येतो. पोट्टीनं आपल्या हातानं शिवलेलं पोलकं आंगात दिसलं, तं मशीन तिचं. नाही तं त्याच गाडीत घालून वापस नेतो. माह्या साडूच्या घरी तीन पोरी वाट पाहून राह्यल्या."

"भाऊबीज कायले, दसऱ्यालेच शिवते ती," मी म्हणालो. असं बोलायची काही गरज नव्हती. पण मेहुण्यासमोर माणसाच्या तोंडून अशी वाक्यं आपोआप निघतात.

आमच्या घरासमोर दिलावर शिंप्याचं दुकान. मशीन उतरताना पाहून तो गळ्यात टेप तशीच ठेवून आला. "मास्तर, पोट्टीले आठ दिवस माह्या मायजवळ धाडा. जैतुनबी हात बसवून देते तिचा."

"दिलावर, शिकवणं हा माहा धंदा हाय. तू शीव, मी शिकवतो."

"पण तुमी कधी चालवलं मशीन?"

"मी कधी काशीले गेलो नाही. पण बावीस वर्षं पोट्ट्यायले गंगा शिकवून राह्यलो ना?"

दिलावरनं सदऱ्यातली टाचणी काढून ओठांत धरली. तो हरला असं मी समजलो. पुढं कळलं की ती त्यानं हसू दाबायला धरली होती.

माझी पद्धत शास्त्रशुद्ध. आधी ज्ञान, मग हात. शाळेतला एक फळा घरी आणून मी मशीनचं चित्र काढलं आणि सतरा भागांना नावं दिली. खरी नावं ठाऊक नव्हती, म्हणून नवीन केली. ज्यात सुई बसते तो सुईदांडा, जो कापड दाबून धरतो तो कापडदाब, खालून कापड पुढं सरकवते ती दंतपट्टी, आणि असंच. गोजरानं ही यादी वरून खाली आणि खालून वर पाठ करायची. कुठं अडखळली की मी म्हणायचो, "पुन्हा. पहिल्यापासून." माझं हे वाक्य अनसिंगात प्रसिद्ध आहे. शाळेमागच्या गोठ्यातली म्हैस ते ऐकून मान हलवते असं लोक म्हणतात, पण मी स्वतः पाहिलेलं नाही.

"बाबा, आता हात लावू?" गोजरा रोज विचारायची.

"नावं झाली?"

"झाली."

"उलटी?"

"उलटीबी झाली."

"मंग उद्या पाहू."

असे चार दिवस गेले आणि खंडेनवमी आली. या दिवशी ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. मी दरवर्षी छडी आणि दौत पुजतो. यंदा मधोमध मशीन मांडलं. माझ्या पत्नीनं, रंगूबाईनं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वरून अक्षता टाकल्या. अक्षता कुठं कुठं गेल्या याकडे तेव्हा कोणी पाहिलं नाही. मग तेलाचा प्रश्न निघाला. यंत्राला तेल पाहिजे हे मला ठाऊक होतं. मशीनच्या तेलाची कुपी मात्र लढाई सुरू झाल्यापासून कोणी पाहिली नव्हती.

शेजारच्या प्रयागबाई दर्शनाला आल्या होत्या. स्वतःचं घर सोडून गावातल्या बाकी सगळ्या घरांचं त्यांना ज्ञान आहे.

"जवसाचं घाला ना बाप्पा! कालच घाणीवरून आणलं. आमच्या म्हाताऱ्याचे गुडघे त्याच्यावरच चालून राह्यले."

मी शास्त्रीय विचार केला. गुडघा हा सांधा. मशीनलाही सांधे. "तेल म्हणजे तेल," मी निकाल दिला आणि जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं एकेक पळी तेल ओतलं. हे मी स्वतः ओतलं. इथं रंगूबाईचं नाव घालायचा विचार होता. पण ती ही हकीकत कोणाकडून तरी वाचून घेईल या भीतीनं खरं तेच सांगतो.

दसऱ्याच्या दिवशी मशीन लोण्यासारखं फिरलं. गोजराचा हात पहिल्यांदा त्या दांड्याला लागला आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी दोन मिनिटं भागांची नावं विचारायला विसरलो. लढाईपायी दोरा कंट्रोलात, म्हणजे मोजून मिळायचा, आणि पोलक्याचं कापडही वर्षाच्या वाट्याचं तेवढंच एक, म्हणून बिनदोऱ्याची सुई कागदावर चालवायची अशी युक्ती मी काढली. शाळेच्या दप्तरातले रेघांचे दोन दस्ते कोरे कागद आणले. रेघेवरून सुई गेली पाहिजे. पहिला कागद वाकडातिकडा झाला, दुसरा जरा बरा. संध्याकाळपर्यंत भोकांची ओळ रेघेवर बसायला लागली. मी चावडीवर, देवळात आणि दिलावरच्या दुकानात जाऊन ही बातमी सांगितली. दिलावरच्या दुकानात दोनदा सांगितली.

मग शाळेच्या परीक्षा आल्या. चार-पाच दिवस मशीन ओसरीवर उन्हात तसंच राहिलं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गोजरा टोपण काढून बसली आणि तिनं दांडा धरला.

दांडा हलेना.

मी धरला. मी जोर केला तेव्हा टेबल हललं, टेबलाबरोबर मशीन हललं, भिंतीचा पोपडा पडला. दांडा होता तिथंच होता. भाऊबीजेला सतरा दिवस राहिले होते.

गावात लग्न असलं तर लोकांना आमंत्रण द्यावं लागतं. मशीन अडलं की द्यावं लागत नाही. तासाभरात ओसरी भरली. कोणी म्हणालं उलटं फिरवा, कोणी म्हणालं उखळात घालायचं मुसळ आणा, हळूच दोन ठोके द्या. प्रयागबाईंनी मशीनची मिरच्या-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सगळ्यांना खोकला झाला. खोकून खोकून लोक घरी गेले, एवढाच त्या उपायाचा गुण. समोरून दिलावर ओरडला, "मास्तर, घासलेटानं धुवा! निघते!"

मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. मग आत जाऊन रंगूबाईला म्हणालो, "मले वाटते, घासलेटानं धुवावं."

घासलेटही कंट्रोलात. आमच्या वाट्याची बाटली दिव्यात गेलेली. जास्तीचं पाहिजे तर तालुक्याला परवाना काढावा लागे. मी अर्ज लिहिला. बावीस वर्षं पोरांना अर्ज लिहायला शिकवणाऱ्या माणसानं लिहिलेला अर्ज तो, त्यात काना-मात्रेचा दोष सापडला असता तर मी नाव बदललं असतं. "शिवणयंत्राच्या स्नानासाठी एक बाटली घासलेट मिळण्याची कृपा व्हावी." दमणी जुंपून आठ कोस गेलो.

कंट्रोलच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, वाचायच्या आधी खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटला. कागदातून ऊन आरपार आलं. घाईघाईत मी गोजरानं सुई चालवलेलाच कागद उचलला होता.

"मास्तर, हे भोकं कायचे?"

"पोरीनं सराव केला जी."

"रेल्वेत तिकिटाले भोक पाडतेत, त्याचा अर्थ काय होते?"

"रद्द."

"तिकिटाले एक भोक असते. तुमच्या अर्जाले दोनशे हायेत. हा अर्ज तं येतानीच रद्द होऊन आला."

मी तिथंच दुसरा कागद मागितला. कागद कचेरीतही नव्हता. दुसऱ्या खेपेला बिनभोकाचा अर्ज घेऊन गेलो.

"घासलेट दिव्यासाठी भेटते," कारकून म्हणाला. "हे काय लिहिलं तुमी, स्नानासाठी? मशीन जळते काय?"

"मशीन नाही जळत. मी जळून राह्यलो!"

"तसा नमुना नाही आमच्यापाशी," तो शांतपणे म्हणाला. तिसऱ्या खेपेला मी "दिव्यासाठी" असं लिहून नेलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटा अर्ज केला. तेव्हा साहेब दौऱ्यावर गेले होते. दिवाळीनंतर या, असं सांगण्यात आलं.

या दिवसांत माझा पाय घरात ठरत नव्हता. वर्गात फळ्यावर बेरीज घालायचो आणि वजाबाकी करून पुसायचो. घरी आलो की ओसरीवर येरझाऱ्या. चाळीस झाल्या की रंगूबाई म्हणायची, "बसा ना जरा, मले गरगरून राह्यलं." बसलो की बोटांवर दिवस मोजायचो. बारा, दहा, नऊ. समोर दिलावरचं मशीन दिवसभर खडखडत असायचं, आणि ते मुद्दाम मोठ्यानं चालवतो असा मला संशय होता. रस्ता ओलांडून त्याला हाक मारायची, तेवढंच काम होतं. पण तो रस्ता तेव्हा मला तालुक्याच्या आठ कोसांपेक्षा लांब वाटायचा.

गोजरा काही तक्रार करत नव्हती. रोज सकाळी टोपण काढायची, दांडा धरून पाहायची आणि टोपण परत ठेवायची. तिसऱ्या खेपेला निघताना तिनं मला विचारलं, "बाबा, मामा खरंच घेऊन जाईन का मशीन?"

"मी हाय ना?" मी म्हणालो. पण दमणी गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की हे काही उत्तर नव्हे.

त्या खेपेहून हात हलवत परत आलो तर घराला घासलेटाचा वास. ओसरीवर दिलावरची म्हातारी आई जैतुनबी पाय पसरून बसली होती. तिच्यापुढं आमची पुरणाची परात, आणि परातीत मशीनचा एकेक अवयव मांडलेला. शेजारी गोजरा, कोपरापर्यंत काळी. मला न जमलेला रस्ता तिनं ओलांडला होता. मी दारातूनच ओरडलो.

"हे काय करून ठेवलं? कोणाले विचारून उघडलं?"

जैतुनबीनं वर पाहिलं. "मास्तर, तेल कोणतं घातलं होतं यात?"

"जवसाचं."

"या अल्ला! थे तं दरवाज्याले लावतेत! वाळून त्याचं रोगन होते ना. समदं मशीन आतून चिकटून बसलं."

मी खाली बसलो. दर उन्हाळ्यात शाळेच्या दारांना आणि खिडक्यांना जवसाचं तेल मी स्वतः उभा राहून लावून घेतो. बावीस वर्षं. ते वाळून कडक होतं म्हणूनच लावतात हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. पण दार हा एक विषय आणि मशीन हा दुसरा. एका विषयातलं ज्ञान दुसऱ्यात नेण्याची सवय आम्हा मास्तरांना नसते.

"घासलेट कुठून आणलं?" मी हळू आवाजात विचारलं.

"आमच्या कंदिलातलं. आठ दिवस आमी मायलेक दिवसाच्या उजेडातच जेवून घेऊ."

फणीनं एक फट साफ करताना कुंकवानं गुलाबी झालेले तांदळाचे पाच दाणे निघाले. जैतुनबीनं ते एका पानावर वेगळे ठेवले. "देवाचं हाय, फेकू नोका." एवढं बोलून तिनं हात पुसले आणि ती उठली.

"अहो, हे जोडणार कोण?" मी घाबरलो.

"ज्या पोट्टीनं काढलं ते जोडीन. मी फकस्त मोठे पेच ढिले करून देले. माहे डोळे कुठं चालतेत आता?"

गोजरा परातीवर वाकली. एकेक तुकडा उचलत होती आणि तोंडानं पुटपुटत होती. मी कान दिला. "दंतपट्टी, कापडदाब, सुईदांडा..." खालून वर. मी चूक काढायला तोंड उघडलं, पण काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून ते मिटलं. दिवेलागणीच्या आत परात रिकामी झाली. गोजरानं दांडा धरला आणि मशीन फिरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडेच पाहत राहिली. मला काय झालं कोण जाणे, मी आत जाऊन उगाच पाणी प्यालो.

एवढ्यावर मी शहाणा झालो असेन असं वाचकांना वाटत असेल, तर वाचक मास्तरांना ओळखत नाहीत. पोलकं बेतण्याचं काम मी गणिताच्या जोरावर अंगावर घेतलं. माप अचूक घेतलं आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. रंगूबाईनं कपाळावर हात मारला. पण कंट्रोलचं कापड दोन्ही बाजूंनी सारखंच वाईट असतं, त्यामुळे एक बाही उलटी केली की उजवी झाली. सरकारचा एवढा एक उपकार मी आजही मानतो.

पुढचे दिवस गोजरा शिवत गेली. चुकली की उसवायची, पुन्हा शिवायची. दुपारी रस्ता ओलांडून जैतुनबीकडे जाऊन काहीतरी विचारून यायची. मी ते पाहायचो आणि त्या वेळी वर्तमानपत्र वाचायचो.

भाऊबीजेच्या सकाळी उजवी बाही तेवढी राहिली होती, आणि उकंडराव ठरल्यापेक्षा दोन तास आधी आले. गाडीत मशीन नीट बसावं म्हणून कडबा अंथरूनच आणला होता.

"पोलकं कुठं?"

"एक बाही राह्यली मामा," गोजरा म्हणाली.

उकंडराव माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमीच शिकवलं म्हणे. मंग तुमीच लावून दाखवा ना बाही. आमीबी पाहू."

प्रयागबाई कुंपणावर आल्या. दिलावर दुकानाच्या पायरीवर, त्याच्यामागं जैतुनबी. "मले येत नाही" हे तीन शब्द त्या वेळी म्हणता आले असते. मी म्हणालो, "त्यात काय?" आणि बसलो. उजव्या हातानं दांडा धरला आणि फिरवला. मशीन सुरेख चाललं. इतकं सुरेख चाललं की मला थांबावंसंच वाटेना. बाही संपली, तरी मी फिरवतच होतो. मग ऐटीत उठलो, तर मशीन माझ्याबरोबर उठलं. माझ्या उपरण्याचं टोक बाहीत वीतभर शिवलं गेलं होतं आणि सुई अजून त्यातच होती.

मशीन टेबलावरून कलंडलं. गोजरानं झेप घालून ते पोटाशी धरलं म्हणून वाचलं.

सगळा रस्ता हसला. उकंडराव हसता हसता गाडीवानाला म्हणाले, "चला, गाडी जुपा."

"मामा, थांबा," गोजरा म्हणाली.

तिनं कात्रीनं टाके कापले, माझं उपरणं सोडवून माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, बाजूले सरा." मी सरलो. ती बसली. बाहीला भोकं पडली होती, त्यांच्या आतून तिनं नवी शिवण घेतली. मशीन एका लयीत खडखडलं. आत जाऊन ती पोलकं घालून आली आणि मामासमोर एक गिरकी घेऊन उभी राहिली.

उकंडरावांनी बाहीची शिवण दोन बोटांत धरून ताणून पाहिली. "पक्की हाय. कोणं शिकवलं व पोरी?"

गोजरानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात वीतभर भोकं पडलेलं उपरणं होतं.

"बाबांनी," ती म्हणाली.

मला ते गोड वाटलं, हे कबूल करतो. क्षणभर छाती पुढंही आली. मग समोर पायरीवर जैतुनबी दिसली, आणि जे पंधरा दिवस सांगायचं टाळलं होतं ते बाहेर पडलं. "खोटं बोलते ती. मले मशीन चालवता येत नाही. म्या त्याच्यात जवसाचं तेल ओतलं. जैतुनबीनं घरचा कंदील रिकामा करून ते धुतलं. तिनंच शिकवलं."

"म्या कायले शिकवलं?" जैतुनबी रस्त्यापलीकडून म्हणाली. "घासलेट देलं मी."

"बाबांनी समदी नावं पाठ करून घेतली होती," गोजरा मान खाली घालून म्हणाली. "म्हणून तं काढलेलं कुठं जाते ते समजलं."

उकंडरावांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं आणि कडबा त्यांच्यापुढं टाकायला सांगितला. ओवाळून घेतलं, जेवले. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाले, "तिचंच हाय." दिलावरनं मागितलं नव्हतं, पण संध्याकाळी त्याच्या कंदिलाला पुरेल एवढं घासलेट उकंडरावांनी आपल्या गाडीच्या दिव्यातून ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. घरात कोणी नाही असं पाहून मी टोपण काढलं. उपरण्याची भोकं स्वतःच बुजवावी असा विचार होता. सुईत दोरा ओवला, दांडा फिरवला, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मागं चाहूल लागली. गोजरा उभी होती, अंगात नवं पोलकं आणि हातात माझी छडी.

"कोणाच्या खालून दोरा गेला बाबा?"

"सुईदांड्याच्या."

"त्याच्या आधी?"

मला आठवेना. सतरा नावं मीच दिली होती आणि त्यातलं दुसरं एकही वेळेवर आठवेना. बावीस वर्षांत समोर उभं राहून असंच गप्प झालेली सगळी पोरं एकदम डोळ्यांपुढं आली, आणि मला त्यांच्यापुढं फार लाज वाटली.

गोजरानं छडी टेबलावर ठेवली, सुईतला दोरा काढून टाकला आणि रीळ माझ्या हातात दिलं.

"पुन्हा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि ओवायला घेतलं.